बोटाखालची शीर

कार्पल टनेलचं ऑपरेशन झालं, रात्रीची कळ थांबली, पण बोटांच्या टोकांचा बधिरपणा राहिला. लिहिता येतं, इंजेक्शन भरता येतं. शीर लागत नाही. नर्सिंग शिकवण्याच्या पद्धतींबद्दलची माझी पक्की मतं त्यानंतर डळमळली.

मी डेमॉन्स्ट्रेशनवाली. खाटेभोवती मुली, टुर्निके, बोट, इंट्राकॅथ आत, रक्ताचा फ्लॅश. "बघितलंत?" "हो, मॅडम." कुणालाच शीर सापडेना की वॉर्डातून मला बोलावणं यायचं, आणि मी त्या बोलावण्याची वाट पाहायचे, हेही खरं. मुलींना दिसायचा तो माझा हात. बोटाला काय लागलं, ते बघून कळण्यासारखं नसतंच.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला तास ठरवून दिले, ते योग्यच. मॅनिकिनच्या हातावर क्रम पक्का होतो, पहिल्या चुकीची किंमत रुग्ण मोजत नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये १० संस्थांमधला अभ्यास प्रसिद्ध केला. वॉर्डातले निम्मे तास सिम्युलेशनला दिले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. पण तिथे शिक्षकांना त्यासाठी तयार केलं होतं, प्रत्येक प्रसंगानंतर डीब्रीफिंग, म्हणजे काय घडलं त्यावर चर्चा, होत होती. आपल्याकडे मॅनिकिनचं कव्हर इन्स्पेक्शनलाच काढणारे लोक हाच अभ्यास पुढे करतात, तेव्हा मला संताप येतो.

रबरी शीर सरकत नाही, आकसत नाही. तिच्या शेजारी टेंडन नसतो. म्हणून हल्ली मी मुलींना डोळे मिटून मैत्रिणीच्या हातावर बोट ठेवायला लावते, आणि बोलायला.

"दबतेय?"

"नाही मॅडम, कडक आहे."

"तिला बोटं हलवायला सांग."

"हलतेय."

"मग टेंडन आहे तो. बाजूला सरक."

थोड्या वेळाने ती म्हणते, "आता मऊ आहे. दाबली की जाते, सोडली की भरते. कोवळ्या मटाराच्या शेंगेसारखी." इतक्या वर्षांत हे मला शब्दांत सांगता आलं नव्हतं. मुरलेली नर्स शब्दांपलीकडचं जाणते, असं पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्येच लिहिलं होतं. ते वाचून मी तेव्हा सुखावले होते.

एक गाठ मात्र सुटत नाही. म्हाताऱ्या माणसाची सैल कातडी किती ताणायची? कमी ताणली तर शीर सुईपुढून पळते, जास्त ताणली तर चपटी होऊन बोटाखालून नाहीशी होते. चेकलिस्टमध्ये 'त्वचा ताणून धरणे' एवढी एक ओळ आहे, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत, ओएससीईत, तो गुण सगळ्यांनाच मिळतो. मी शब्द शोधले, चित्रं काढली, मॅनिकिनवर पातळ रबर ताणून पाहिलं. आता खाटेशी मुलीच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबते. जोर माझा, स्पर्श तिचा. "मॅडम, जास्त होतंय, शीर गेली," असं ती म्हणाली की मी सैल सोडते. तिने 'आता' म्हटल्यावर थांबते.

त्या मुलींपैकी एक आता आमच्याच वॉर्डात स्टाफ आहे. अवघड शिरांसाठी बोलावणं तिला येतं. तिचा मला अभिमान आहे, आणि हेवाही वाटतो.