गजऱ्याचं माहेर

संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर घामाच्या आणि वड्याच्या वासातून वाट काढत मोगऱ्याचा एक मस्त झोत नाकाशी येतो. हा मोगरा येतो कुठून, असा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण आपलं सगळं लक्ष ७.१२च्या फास्टकडे असतं. मला पडला तो ऑफिसमधल्या शेजारच्या डेस्कमुळे. मी गजरा माळून आले होते, तर तो म्हणाला, ‘हा आमच्याकडचा असेल. मामीच्या वाडीत आहे की मोगरा.’ मार्च होता, अप्रेझल आटोपली होती. शनिवारी पहाटे आम्ही चौघं जव्हारला निघालो.

मुंबईहून मनोरपर्यंत हायवे, मग विक्रमगड आणि पुढे घाटाची वळणं. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे सकाळची हवा झकास. ‘ठाण्याचं महाबळेश्वर’ हे त्याचं जुनं टोपणनाव. २०१४ पासून तालुका पालघर जिल्ह्यात गेला, तरी नाव काही सुटत नाही. मुकणे राजांचा जयविलास पॅलेस आहे, दाभोसा धबधबा आहे. ते सगळं गाइडबुकात मिळेल. आम्हाला वाडी बघायची होती.

वाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कोकणातली नारळी-पोफळीची वाडी होती. इथे टेकडीच्या उतारावर जेमतेम एक एकर. कडेने शेराचं कुंपण, त्याला लागून बांबू, साग आणि गिरिपुष्प. आत आंबा आणि काजूच्या कलमांच्या ओळी आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांत मोगरा. काजूला पिवळी-लाल बोंडं लटकत होती, त्यांच्या आंबूस वासाने डोकं भणभणतं. मोगऱ्याचं काम मात्र आम्ही पोचायच्या आधीच संपलेलं. कळ्या भल्या पहाटे, उमलायच्या आत खुडायच्या असतात. नाहीतर बाजारात पोचेपर्यंत फुलून जातात आणि गजरेवाल्या त्यांना हात लावत नाहीत.

मामींनी कोरा चहा दिला आणि समोरची टेकडी दाखवली. तीही पूर्वी अशीच वरकस जमीन, म्हणजे नाचणी आणि वरईची. उघडीबोडकी, मुरूम वर आलेला. ‘आमची पण तश्शीच होती,’ त्या म्हणाल्या.

गणित साधं आहे. नाचणीची मुळं जमिनीत राहतात ती पावसाळ्यातले काही महिने. जूनचा पहिला दणका बसतो तेव्हा उतारावर काहीच उभं नसतं. थेंब थेट मातीवर आपटतो, तिचा वरचा कसदार थर मोकळा होतो आणि तांबड्या पाण्याबरोबर ओढ्यात जातो. दरवर्षी थोडा थोडा, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. झाड वर्षभर तिथेच असतं. पानं थेंबाचा जोर मोडतात, पाचोळ्याचा थर पाणी धरून ठेवतो आणि मुळं माती आवळून बसतात. शिवाय वाडीत उताराला आडवे समपातळी चर खणलेले असतात. पाणी त्यांत थांबतं, मुरतं आणि वाहून आलेली मातीही तिथेच बसते.

ही कल्पना आपल्याकडे रुजवली ‘बाएफ’ने. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ही संस्था काढली आणि १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसद्यात आदिवासी कुटुंबांबरोबर पहिल्या वाड्या उभ्या केल्या. तिथून त्या जव्हारमध्ये आल्या, पुढे ‘नाबार्ड’नेही हेच मॉडेल उचललं. महाराष्ट्र सरकारने १९९०च्या सुमाराला फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली, तीही याच वाटेची. फळ येईपर्यंत घरात काय शिजवायचं, याचं उत्तरही वाडीत आहे: सुरुवातीची काही वर्षं कलमांच्या मधल्या जागेत नाचणी, वरई, भाजीपाला चालूच राहतो.

मला खरी गोम कळली ती मामींच्या एका वाक्यातून. ‘दिवाळी झाली की आम्ही घराला कडी लावायचो,’ त्या सांगत होत्या. ‘भिवंडीकडे वीटभट्टीवर. पोरांसकट. परत यायचो पावसाच्या तोंडावर.’ ‘आणि आता?’ मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच खुळं विचारलंय. ‘आता झाडांना पाणी कोण घालील?’

ज्या तालुक्यात १९९२ मध्ये वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली, तिथे हे वाक्य ऐकणं साधं नाही. वर्षभर घर उघडं म्हणजे पोरगी वर्षभर एकाच शाळेत. मामींची मुलगी तेव्हा दहावीचे पेपर देत होती.

पण फार हळवं व्हायचं कारण नाही. कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून घालावं लागतं, आणि हे काम कोण करतं हे तुम्हाला सांगायला नको. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतो, आंब्याला आणखी वेळ लागतो. मोगऱ्यालाही उन्हाळ्यात पाणी लागतंच, म्हणून ज्याच्याजवळ विहीर किंवा ओढा नाही त्याने फुलांचा नाद करू नये, असं मामींचं स्पष्ट मत. मोहोरात अवकाळी पाऊस आला, तर आंबा गेलाच. आणि इथे ‘सात-बारा’ म्हणजे ट्रेन नाही. कित्येकांची कसायची जमीन वनखात्याची. २००६च्या वनहक्क कायद्याने दावा करता येतो, पण कागद हातात येईपर्यंत कलमांत जीव गुंतवायचा कुणी? समोरच्या बोडक्या टेकडीचं कारण विचारलं, तर मामींच्या यजमानांनी दोनच शब्द सांगितले: ‘कागद नाय.’

तुम्हाला जायचं असेल, तर फुलं आणि काजू बघायला फेब्रुवारी ते एप्रिल बरा. पण माझं ऐकाल तर जुलैत जा. रेनकोट घ्या, धबधब्यावरची गर्दी टाळा आणि कुठल्याही पुलावर गाडी थांबवून खालचं पाणी बघा. बोडक्या टेकडीवरून येणारा ओढा चहाच्या रंगाचा असतो. आमच्या मित्राने मामींच्या वाडीखालच्या ओहोळाचा फोटो पाठवलाय. त्यात तळाचे दगड मोजता येतात.