शहर किती आत घ्यावे

शहराच्या ऐन मध्यात उभ्या असलेल्या हॉटेलाचे एक त्रांगडे त्याच्या जन्माबरोबरच आलेले असते. पाहुणा तिथे उतरतो तो कचेऱ्या, न्यायालये, बंदर, बाजार आणि नाटकगृहे हाकेच्या अंतरावर असावीत म्हणून, आणि खोलीत सामान टाकताच त्याची पहिली अपेक्षा असते ती या सगळ्यांचा आवाज, वास आणि उकाडा दाराबाहेर राहावा ही. थंड हवेच्या ठिकाणच्या विश्रामगृहाला ही ओढाताण ठाऊक नसते, कारण तिथे बाहेर जे आहे तेच विकायचे असते. शहरातल्या हॉटेलाला बाहेरचे विकायचेही असते आणि अडवायचेही असते. पाणी, दिवे, पंखे, लिफ्ट, न्हाणीघर यांना सोयी म्हणायचे आणि पाहुण्याच्या हाकेला ओ देणाऱ्या माणसांच्या कामाला सेवा म्हणायचे. पण या दोहोंच्या मुळाशी शहर किती आत घ्यावे हाच प्रश्न असतो, आणि पाहुण्याची तक्रार बहुधा त्याचे उत्तर कुठे चुकले याविषयीच असते.

मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये आणि त्याच्या आसपास, ही ओढाताण दीडशे वर्षे पाहता येते. १८६०च्या दशकात कोटाची तटबंदी पाडली गेली, जागा मोकळी झाली आणि त्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेला, आज ज्याला काळा घोडा म्हणतात त्या भागात, जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने एस्प्लनेड हॉटेल उभारले. त्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छताच्या कामातही त्याचा हात होता. इमारतीचा सांगाडा लोखंडाचा असून त्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईला आणले आणि इथे एकमेकांना जोडले. ओतीव लोखंड, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेले लोखंड, दाब उत्तम सोसते पण ताण सोसत नाही. त्यामुळे ते खांबांना वापरायचे आणि तुळयांना घडीव लोखंड, हा त्या काळचा रिवाज होता. भार सांगाड्याने पेलल्यामुळे भिंतींना जाडजूड असण्याचे कारण उरले नाही, मजल्यामजल्याला रुंद गॅलऱ्या काढता आल्या, आणि या गॅलऱ्यांनी खोल्यांना सावली व वारा दिला. त्यांच्याच वाटेने शहरही आत आले.

ते कसे आले याची नोंद अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने करून ठेवली आहे. व्याख्याने देत जगप्रवासाला निघालेला ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत आला, वॉटसनच्या हॉटेलात उतरला आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने इथल्या मुक्कामाला बरीच जागा दिली. खोलीकडे जाताना त्याच्यामागे जी मिरवणूक निघाली तिच्यातल्या प्रत्येक माणसाच्या हातात एकेकच वस्तू होती: धट्टाकट्टा गडी केवळ कोट घेऊन चाललेला, दुसऱ्याकडे चिरुटांची पेटी, तिसऱ्याकडे एक कादंबरी, आणि शेवटच्याच्या वाट्याला नुसता हातपंखा. खोलीत पोचल्यावर प्रत्येक जण आपापल्या नाण्याची वाट पाहत अदबीने उभा राहिला. रात्री दालनांत नोकरांच्या आरडाओरड्याचा जो कल्लोळ सुरू झाला त्याने ट्वेनला मध्यरात्रीपर्यंत झोपू दिले नाही, आणि गॅलरीच्या कठड्यावर जमून आपल्या कपड्यांवर, रंगरूपावर चर्चा करणारे कावळे तर त्याला इतके भावले की या पक्ष्यावर त्याने बराच मजकूर खर्ची घातला. हॉटेलाच्या दृष्टीने पाहिले तर ही सगळी गैरसोयींची यादी आहे. वाचकाच्या दृष्टीने मात्र त्या मुक्कामातले लक्षात राहण्याजोगे तेवढेच. गाद्या कशा होत्या, चहा ऊन होता की गार, यांची आठवण कुणी काढत नाही.

त्या मिरवणुकीचे नुसते हसू करून सोडून देणे मात्र बरे नव्हे. त्या काळात हिंदुस्थानात हिंडणारा युरोपीय प्रवासी स्वतःचा नोकर बरोबर बाळगी, त्याला बेअरर म्हणत. तो जेवणाच्या टेबलाशी मालकाच्या मागे उभा राही, कपडे काढून ठेवी आणि रात्री दाराबाहेर चटई टाकून निजे. म्हणजे हॉटेलाने जागा आणि अन्न द्यायचे आणि व्यक्तिगत सेवा पाहुण्याने स्वतःच आणायची, अशी ही विभागणी होती, आणि हॉटेलची नोकरमाणसे हाताशी इतकी मुबलक व इतकी स्वस्त होती की एका माणसाला एक पंखा वाहायला लावणे कुणाला विचित्र वाटत नसे. त्याच खोलीत ट्वेनने आणखी एक गोष्ट पाहिली. गॅलरीच्या दाराशी गुडघे टेकून काम करणाऱ्या नोकराला व्यवस्था पाहायला आलेल्या एका जर्मन माणसाने काय चुकले ते न सांगता एक थप्पड लगावली, नोकराने ती मुकाट्याने सोसली, आणि ट्वेनला अमेरिकेतल्या स्वतःच्या बालपणीची गुलामगिरी आठवली. हॉटेलातल्या आदबशीर सेवेविषयी जे जे गोड लिहिले जाते त्याच्या शेजारी ही थप्पड ठेवून वाचली पाहिजे, कारण न बोलता राबणारा माणूस नम्र आहे की भेदरलेला आहे, हे पाहुण्याच्या खुर्चीवरून ओळखू येत नाही.

त्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे या हॉटेलात एक रुपया तिकिटाला दाखवली गेली आणि हिंदुस्थानातला सिनेमाचा इतिहास इथूनच मोजला जातो. हॉटेलाच्या इतिहासात त्याचे मोल त्या मानाने कमी. पाहुण्यांची संध्याकाळ रमवणे हीही सोयच असते, इतकेच यावरून दिसते.

१६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले तेव्हा सोयींची भाषा पार बदलली होती. विजेचे दिवे, अमेरिकेचे पंखे, जर्मनीच्या लिफ्ट, तुर्की स्नानगृहे, म्हणजे वाफेने अंग शेकून मग धुण्या-चोळण्याची खास न्हाणीघरे, हे सारे त्याच्या प्रतिष्ठेत मोडत असे. मूळ वास्तुकारांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी नाव आहे. ते काम पुरे होण्याआधीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. इमारत उलटी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुकाराने जीव दिला, ही मुंबईच्या टॅक्सीवाल्यांपासून पदवीधरांपर्यंत सर्वांची आवडती दंतकथा आहे आणि तिला आधार नाही. मूळ दर्शनी दार शहराच्या अंगाला, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे त्या बाजूला होते, कारण घोडागाड्या तिकडून येत. त्या अंगाला दोन पाखे पुढे काढल्यामुळे पश्चिमेचा दुपारचा वारा त्यांच्या बेचक्यात सापडून आत फिरे, आणि समुद्राकडचा लांब कणा खोल्यांसाठी मोकळा राहिला. ही रचना चुकीने घडलेली नाही, ती विचारपूर्वक केलेली आहे: शहर एका दाराने, वारा त्याच अंगाने, आणि समुद्र पाठीशी.

पुढे वातानुकूलन आले आणि हा सगळा विचार एका फटक्यात निरर्थक झाला. थंड केलेली हवा राखायची तर खिडकी बंद हवी. खिडकी बंद झाली की वारा, कावळा, भोंगा आणि खारट वास एकदमच संपतात आणि समुद्र काचेपलीकडचे चित्र होऊन उरतो. त्या चित्राचे भाडे वेगळे आकारता येते. समुद्र दिसणारी खोली महाग आणि शहर दिसणारी स्वस्त, हा दरपत्रकातला फरक ज्याने प्रथम लिहिला त्याने शहराची किंमत कमी केली असे म्हणता येईल, कारण पाहुणा आला होता तो शहरासाठी. उकाड्याने हैराण झालेल्या माणसाला ही खंत ऐकवण्यात अर्थ नाही, हेही खरेच.

सोयी यंत्रांकडे गेल्यावर सेवा लपली. दिवसा पाहुणा बाहेर पडतो तेव्हा त्याच्या खोलीत जे होते त्याला हाउसकीपिंग म्हणतात आणि ते काम बारकाईने पाहण्यासारखे असते. कर्मचारी ढकलगाडी दाराशी उभी करतो, दार वाजवतो, आपण कोण ते पुकारतो, थांबतो आणि पुन्हा वाजवतो. मग पडदे उघडून उजेड घेणे, दिवे लागतात का पाहणे, वापरलेल्या चादरी काढणे. नवी चादर अंथरताना पायथ्याचा भाग आधी गादीखाली खोचायचा, कडेचा लोंबता पदर तिरका उचलून गादीवर टाकायचा, खाली राहिलेले टोक आत सारायचे आणि मग पदर सोडून तोही खोचायचा. कोपरा लिफाफ्यासारखा घट्ट बसतो आणि रात्रभर कूस बदलली तरी चादर सुटत नाही. धूळ पुसताना दारापासून सुरुवात करून एकाच दिशेने खोलीला फेरी घालायची, म्हणजे काही राहून जात नाही. केराच्या टोपलीबाहेर पडलेला कागद, मग तो कितीही चुरगळलेला असो, फेकायचा नाही. गालिचा साफ करताना पलीकडच्या कोपऱ्यापासून मागे मागे दाराकडे यायचे, म्हणजे स्वतःच्या पावलांचे ठसेही राहत नाहीत. एका पाळीत अशा डझनभराहून अधिक खोल्या होतात. परत आलेल्या पाहुण्याला खोली आपोआप नीट झाल्यासारखी वाटावी यातच या कामाचे यश मानले जाते, आणि म्हणून त्याची वाखाणणी क्वचितच होते. उशीवर एक केस सापडला तर मात्र खालपर्यंत फोन जातो.

अशा तक्रारी, विनंत्या आणि किरकोळ बोलाचाली धरून चोवीस तासांत एका पाहुण्याचा कर्मचाऱ्यांशी सरासरी ४० ते ४५ वेळा संबंध येतो आणि त्यांतल्या बहुतेक वेळी वरिष्ठ कुणी जवळ नसतो, असे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी ताजवरच्या २०११च्या लेखात नोंदवले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथल्या कर्मचाऱ्यांनी पळून न जाता पाहुण्यांना सांभाळले, त्यात काहींनी प्राण गमावले, आणि असे वागणे कुठून आले याचा शोध या दोघांनी घेतला. कारणांपैकी एक त्यांना भरतीत सापडले: कंपनी महानगरांऐवजी लहान शहरांतून, जिथे वडीलधाऱ्यांचा मान अजून राखला जातो तिथून, माणसे निवडते, आणि त्या यादीत मुंबईऐवजी पुणे आहे. दुकानाच्या दारावरच्या पाट्यांसाठी ख्यात असलेल्या पुण्याला आदरातिथ्याची खाण ठरवलेले पाहून मराठी वाचकाला गंमत वाटेल. तरी मुद्दा दुर्लक्षण्याजोगा नाही. देखरेखीविना घडणाऱ्या चाळीस प्रसंगांना नियमपुस्तक पुरत नाही; तिथे माणूस घरून जे घेऊन आला तेच कामी येते. घरचे हे संस्कार पगारपत्रकात कोणत्या रकान्यात दिसतात, हा प्रश्न मात्र तो लेख वाचून झाल्यावरही उरतो.

मराठी माणसाच्या मुंबईतल्या मुक्कामाचा इतिहास या दोन हॉटेलांपेक्षा लॉजांत अधिक सापडतो. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे त्यांतले सर्वांत नामांकित. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तिथेच झाले. त्या अखेरच्या दिवसांत प्रकृतीची बातमी ऐकायला खाली रस्त्यावर माणसे ताटकळत राहिली, निधनानंतर दर्शनासाठी लोटलेल्या गर्दीला पावसानेही हटवले नाही, आणि भाड्याच्या खोल्यांची ती इमारत काही काळ साऱ्या शहराची झाली. कोणत्याही हॉटेलाने अडवायचे म्हटले तरी अडवता येऊ नये इतके शहर त्या दिवशी आत आले होते.

फोर्ट, धोबीतलाव आणि गिरगाव परिसरातल्या साध्या लॉजांची गिऱ्हाइके मंत्रालयातल्या फायलीसाठी, उच्च न्यायालयातल्या तारखेसाठी किंवा जे. जे. रुग्णालयातल्या तपासणीसाठी आलेली असतात. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच, तेही बादलीने, टॉवेल मागितल्यावर, भिंतीवर नियमांची पाटी, आणि खिडकीतून अख्खा रस्ता. महागड्या हॉटेलांत कॉन्सिअर्ज नावाचा अधिकारी असतो, पाहुण्याला शहरात जे हवे ते मिळवून देणे हे त्याचे काम, आणि १९२९ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या पेशाच्या संघटनेचे सभासद कोटावर सोनेरी किल्ल्यांची जोडी लावतात. लॉजच्या गल्ल्यावर बसलेल्या मॅनेजरच्या सदऱ्याला किल्ल्या नसतात, पण कोणत्या खिडकीवर अर्ज घेतात, कोणत्या बसने जावे, डॉक्टर कोणत्या वारी बसतात आणि शेजारी थाळी कुठे चांगली मिळते हे त्याला तोंडपाठ असते, आणि हे विचारणाऱ्याला तो वर मान न करताच सांगतो. ही अदब नसलेली सेवा आहे, आणि अडलेल्या माणसाला ती पुरेशी असते.

एका बाबतीत तर लॉज अधिक न्यायाने वागते. मोठ्या हॉटेलात खोली दुपारी २ वाजता मिळते आणि दुसऱ्या दिवशी १२ ला सोडावी लागते, कारण मधल्या दोन तासांत ती पुढच्यासाठी तयार करायची असते. म्हणजे एका दिवसाचे भाडे भरून पाहुण्याला २२ तास मिळतात, आणि रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलेल्याला बॅगा खाली ठेवून तोंड धुण्यासाठी दुपारची वाट पाहावी लागते. अनेक लॉजांत चोवीस तासांचा हिशेब चालतो: सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने किंवा कोल्हापूरहून महालक्ष्मीने सकाळी उतरलेला माणूस नोंदवहीत आल्याची वेळ लिहितो, आंघोळ करतो, दिवसभराची कामे उरकून रात्री पाठ टेकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला किल्ली परत देतो.