धांवणाऱ्यांचा रविवार

शिरूर तालुक्यांतील इनामगांव हें घोड नदीच्या उजव्या कांठचें एक लहानसें गांव. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें, तेव्हां तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें उघडीं झालीं. घरें ओळीनें मांडलेलीं आणि दोन घरांच्या मधें सुमारें दीड मीटर मोकळी जागा. तीच त्यांची गल्ली असावी. दाराबाहेर पाऊल टाकावें आणि तें सर्वांच्या वाटेवर पडावें, ही सोय आपल्याकडे इतकी जुनी आहे. म्हणूनच ती वाट एखाद्या दिवशीं बंद झाली, कीं घरांतील लहानथोर सारींच अस्वस्थ होतात.

हल्लीं ही वेळ धांवण्याच्या शर्यतींमुळें अनेक गांवांवर येते. पुण्याची मॅरेथॉन १९८३ मध्यें सुरू झाली, मुंबईची हल्लींची मोठी मॅरेथॉन २००४ मध्यें, आणि साताऱ्याची डोंगरावरची अर्धी मॅरेथॉन २०१२ मध्यें. मोठ्या शहरांत एक रस्ता अडला तर दुसरा सांपडतो. साताऱ्याची गोष्ट निराळी. गांव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं उतारावर वसलेलें. शर्यत गांवांतून निघून यवतेश्वराचा घाट चढते आणि त्याच वाटेनें परत येते. कासच्या बाजूच्या लोकांचा साताऱ्यास उतरण्याचा नेहमींचा मार्गही हाच घाट.

शर्यतीच्या आदल्या दिवशीं आम्ही तेथील एका स्नेह्यांकडे मुक्कामास होतों. तीन पिढ्यांचें चौदा माणसांचें घर, आणि दार नेमकें शर्यतीच्या रस्त्यावर. सायंकाळीं घरांत जणूं कार्याची गडबड उडाली होती. धाकट्या भावानें मोटार दोन गल्ल्या पलीकडे नेऊन ठेवली. वहिनींनीं दूध रात्रींच आणून तापविलें. काकूंचीं औषधें आलीं. घरची लेक बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली, दिवस भरत आलेले. तिला दुपारींच तिच्या मावशीकडे, रुग्णालयाच्या बाजूस, पोंचविलें होतें. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशींची सुटी सांगितली. पण त्या दिवसाचे पैसे कापावयाचे नाहींत, हें आजींनीं सुनांना बजावलें.

आजोबा मात्र रागावले होते. "ह्यांचे पाय मोकळे व्हावे म्हणून आमचे घरांत बांधून ठेवावयाचे, हा कोठला न्याय? डोंगरावरून दूध घेऊन येणाऱ्यास कोणी विचारलें आहे काय?" प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. आम्हीं गप्प बसणेंच पसंत केलें.

रविवारीं दिवस वर येतो न येतो तोंच पहिले धांवणारे गेले. वाऱ्याची झुळूक जावी तसे गेले. मागून गर्दी लोटली. कोणी दारांत उभे राहून टाळ्या वाजवीत होतें, कोणी पाणी देत होतें. पाहतां पाहतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. शर्यतीचें अंतर एकवीस किलोमीटरांहून थोडें अधिक. जगांतले उत्तम धांवपटू सपाटीवर तें तासाच्या आंत तोडतात. साध्या माणसास घाटांत अडीच-तीन तास सहज लागतात. बक्षीस पहिल्यास मिळतें, पण रस्ता किती वेळ बंद राहावयाचा, हें शेवटचा ठरवितो.

त्या शेवटच्यांत साठीच्या घरांतल्या एक बाई होत्या. घाट उतरून पाय लटपटत होते, तरी चालल्या होत्या. आजोबा ओट्यावर बसून होते. त्यांनीं नातवाला हांक मारून लिंबाचें सरबत पाठविलें. बाईंनीं थांबून हात जोडले. आजोबांचा राग गेला असें नाहीं. रस्ता खुला झाल्याबरोबर दूधवाला कोठवर आला, हें पाहावयास तेच प्रथम बाहेर पडले.

आमच्या मनांत मात्र इनामगांवाकडचाच मुलूख आला. तेथून दक्षिणेस भीमा ओलांडली, कीं दौंड तालुका लागतो. दरवर्षीं तुकोबांची पालखी यवतेस आणि वरवंडास मुक्काम करते. पुणें-सोलापूर रस्त्याची रहदारी तेव्हां वळवावी लागते. यवतकर पिठलें-भाकरी करून हजारों वारकऱ्यांना जेवूं घालतात. रस्ता तेथेंही अडतो. पण पालखी केव्हां यावयाची हें घरोघर ठाऊक असतें, आणि अडलेला माणूस यजमान असतो. शर्यतीस वारीचें पुण्य चिकटवावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याच्या दारावरून जावयाचें, त्यास आधीं सांगावें आणि कामांत सामील करून घ्यावें, एवढें तरी त्या रस्त्यापासून शिकण्याजोगें आहे.

शर्यत भरविणाऱ्यांनीं, मग तें गांव कोणतेंही असो, आठ दिवस आधीं दारोदार वेळा कळवाव्या. रोगी, बाळंतीण आणि अंत्ययात्रा ह्यांसाठीं रस्ता ओलांडण्याच्या जागा राखाव्या. हातावर पोट असलेल्यांना पहांटेच येऊं द्यावें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं घरें अशा रस्त्यावर असतील, त्यांनींही आदल्या रात्रीं दोन प्रश्नांचीं उत्तरें काढून मग निजावें: आपल्या घरांत कोणास रुग्णालय लागण्याचा संभव आहे, आणि आपल्या घरीं पायीं कामास कोण येतें?