हात दिसले पाहिजेत

सांगली

चि. सोनूस,



परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, हल्ली मी रोज काही ना काही बघते, वाचतेसुद्धा, पण आठ दिवसांनी काही म्हणता काही आठवत नाही. तुझ्या बरं सगळं लक्षात राहतं!" तेव्हा समोर ट्रायलला गिऱ्हाईक उभं होतं, तोंडात टाचण्या होत्या, म्हणून नुसतं हं हं केलं. आणि खरं सांगायचं तर फोनवर तब्येती आणि भाजीचे भाव यांच्यापुढे माझं बोलणं जातच नाही. म्हणून हे पत्र.

माझी स्मरणशक्ती काही दांडगी नाही. गोष्ट मीही विसरते. शेवटी लग्न झालं की नाही, खुनी कोण निघाला, सगळं धुऊन जातं. माझ्या लक्षात राहतात ती कामं करणारी माणसं. एखादी बाई पडद्यावर किंवा पुस्तकात काहीतरी करताना दिसली, म्हणजे निवडताना, विणताना, घासताना, हिशेब मांडताना, तर ती माझ्या डोक्यात मुक्कामाला येते. नुसती बोलणारी, रडणारी, गच्चीत उभं राहून लांब बघणारी आली तशी जाते. धंद्याची खोड म्हण हवं तर. इतकी वर्षं ब्लाउज शिवल्यावर माणसाची नजर आधी हाताकडेच जाते.

हिंदी सिनेमातली शिवणयंत्रावरची आई आठवते ना? नवरा गेलेला, भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि ही बिचारी मशीन चालवून मुलाला शिकवतेय. सिनेमातल्या विधवांनी जेवढी मशिनं चालवली तेवढी दुकानदारांनी विकली तरी असतील का, कोण जाणे. मी त्या आईच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, पायांकडे बघते. पायमशीनवर दोन्ही पाय सरळ रेषेत नसतात, एक जरा पुढे, एक मागे. सुरुवातीला उजव्या हाताने चाकाला गती द्यावी लागते, नाहीतर ते उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. डावा हात कापडाला वाट दाखवतो, ओढत नाही. ह्या आया मात्र खुशाल दोन्ही हातांनी कापड पुढे ढकलत असतात आणि डोळे मुलाच्या वाटेकडे! शिवण वाकडी जाईल, सुई बोटात जाईल, याची कुणाला फिकीर नसते. मग तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर मी कसा विश्वास ठेवू? जिला चार घरचे कपडे वेळेत द्यायचेत ती बाई अशी शिवत नाही.

याच्या उलट तुझ्याच लॅपटॉपवर आपण 'फँटम थ्रेड' बघितला होता. २०१७चा, पॉल थॉमस अँडरसनचा. तुला तो कंटाळवाणा वाटला आणि अर्ध्यात तुझा डोळा लागला. १९५०च्या दशकातलं लंडन, श्रीमंत बायकांचे पोशाख करणारा एक नामांकित शिंपी. माणूस म्हणून अगदी नकोसा. नाश्त्याच्या वेळी समोरचीने टोस्टला लोणी लावल्याचा आवाज झाला तरी त्याचा दिवस फुकट जातो. ते काम करणाऱ्या डॅनियल डे लुईसने आधी खरोखर शिवण शिकून घेतली आणि एका जुन्या उंची पोशाखाची हुबेहूब नक्कल बेतून शिवली, असं नंतर वाचलं. ते त्याच्या सुई धरण्यात दिसतंच. पण माझं लक्ष त्याच्यापेक्षा सकाळी पांढरे कोट घालून जिना चढणाऱ्या बायकांकडे होतं. त्यांतल्या दोघी नट्या नव्हत्याच, शिवणकामात आयुष्य घालवलेल्या बायका होत्या. एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख ऐनवेळी खराब होतो, मालक आजारी पडलेला, आणि ह्या बायका रात्रभर बसून तो उभा करतात. कुणी भाषण करत नाही, संगीत काळीज पिळत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या दिवसांत माझ्याकडे काय चाललेलं असतं ते तू लहानपणी बघितलं आहेस. तसंच ते.

त्याच सिनेमात तो शिंपी कपड्याच्या अस्तरात बारीकसा काही मजकूर शिवून ठेवतो, कुणाला दिसणार नाही असा. आम्ही अस्तरात एवढंच ठेवतो की पुढच्या वर्षी बाई अंगाने भरली तर उसवून सोडता येईल इतकी माया. पण असो.

तू म्हणशील, मावशी, सगळ्यांनी काय शिवणाचेच सिनेमे काढायचे? तसं नाही गं. काम कुठलंही असू दे. 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम सिनेमा २०२१मध्ये आला तेव्हा त्यावर घरोघरी भांडणं झाली म्हणे. आपल्याकडे स्वयंपाक सुंदर दाखवणारे पुष्कळ असतात; फोडणी तडतडते, कोथिंबीर भुरभुरते, वाफ येते. पण खरकटं कोण काढतं ते कधी दिसतं का? जिओ बेबी या दिग्दर्शकाने ते दाखवलं. सासरे आणि नवरा जेवून उठले की ताटाबाहेर टाकलेल्या चोथ्यांकडे कॅमेरा बघत बसतो. मोरीचा पाइप गळतोय, खाली लावलेलं भांडं घाण पाण्याने भरतंय, प्लंबरला सांग असं ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगते आणि तो विसरतो. विसरणारच, त्याला त्या पाण्यात हात घालायचा नसतो. शेवटी तेच पाणी कुणाच्या अंगावर जातं ते मी सांगत नाही, पण बघताना मी एकटी होते तरी मोठ्याने "बरं झालं" म्हणाले. ती रागाचं एक वाक्य बोलायच्या आधीच आपल्याला तिचा राग कळलेला असतो, कारण तासभर आपण तिच्याबरोबर भांडी घासलेली असतात.

सगळ्यात मात्र माझ्या मनात बसला तो 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, आपल्याकडे २०१५मध्ये लागला, त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्यालाच मिळालं. एका लोकशाहिरावर खटला भरलाय, का तर म्हणे त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. सरकारी वकीलबाई गीतांजली कुलकर्णीने केली आहे. कोर्टात ती कलमं वाचून दाखवते, माणसाला वर्षानुवर्षं आत टाकायची भाषा करते. मग कोर्ट सुटतं आणि ती लोकलमध्ये बसते, शेजारणीशी साडीबद्दल बोलते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन कुकर लावते. सगळ्यांना वाढते. तिला दुष्ट म्हणायची आपली सोयच राहत नाही. आपल्यासारखीच बाई आहे, आणि उद्या सकाळी डबा भरून ती परत त्या म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवायला जाणार आहे. मला तर तेवढ्याने धडकी भरली.

आणि त्या मेलेल्या कामगाराची बायको. साक्षीला उभी राहते तेव्हा वकील विचारतात, नवरा कामाला कसा उतरायचा. ती सांगते, आधी आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर समजायचं की आत जीव राहू शकतो, मग उतरायचं. एवढंच, सपाट आवाजात. मास्क नाही, पट्टा नाही, झुरळ! हे वाक्य कुणी खोलीत बसून लिहिलंय असं वाटतच नाही. पुढे वकील तिला गाडीतून घरी सोडतो आणि थोडे पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असेल तर द्या म्हणते. मी सिनेमे बघून रडणारी नाही, तुला माहीत आहे; पण तिथे रडले.

म्हणूनच तू एवढं कौतुक करून सांगितलेला तो जपानी सिनेमा, 'परफेक्ट डेज', मला पुरता पटला नाही. विम वेंडर्सचा नायक टोकियोतले सार्वजनिक संडास साफ करतो. कामाची निगा बघण्यासारखी आहे. कडेच्या खाली न दिसणारी जागा तपासायला तो छोटा आरसा धरतो, त्या आरशावर मी खूश झाले. रात्री दिव्याखाली जुन्या बाजारातली पुस्तकं वाचतो, तेही छान. पण ते संडास! शिबुयातले, मोठमोठ्या वास्तुविशारदांकडून मुद्दाम बांधून घेतलेले, दिवाणखान्यासारखे लखलखीत. काम दिसतं, घाण दिसत नाही. त्या माणसाची शांती खरी असेलही, पण 'कोर्ट'मधल्या बाईने तो सिनेमा बघितला तर ती काय म्हणेल, असं माझ्या मनात येत राहिलं. कामाला फार सुंदर करून दाखवणंही मला तितकंच खोटं वाटतं जितकी ती मशीनवरची आई.

पुस्तकांचंही तेच. 'स्मृतिचित्रे' तू शाळेत धड्यापुरतं वाचलंस. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४ ते ३६ या काळात चार भागांत निघालं. लोक त्यांच्या विनोदाबद्दल बोलतात, धर्मांतराबद्दल बोलतात. मला आठवतं ते वडिलांचं सोवळं. बाहेरून घरात आलेली वस्तू धुवा, परत धुवा. वडील सोवळे, पण दमछाक घरातल्या बायकामुलांची. हे लक्ष्मीबाई तक्रारीच्या सुरात सांगतच नाहीत, हसवत हसवत सांगतात, आणि पुस्तक मिटल्यावर आपल्या मनात प्रश्न येतो की अरे, एवढं पाणी आणलं कुणी?

ऊर्मिला पवारांचं 'आयदान' तर तू वाचलेलंच नाहीस. २००३चं पुस्तक. सुरुवातीलाच रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका आहेत, डोक्यावर लाकडाचे, गवताचे भारे घेऊन डोंगर चढणाऱ्या उतरणाऱ्या. लेखिकेचे वडील शिक्षक, ते लवकर गेले, आणि आई बांबूची आयदानं विणून घर चालवत राहिली. ही आई बसलेली आठवली की ती विणतानाच आठवते. विणलेली टोपली पोचवायला मुलगी वरच्या आळीत जायची. घरातले लोक टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घ्यायचे आणि पैसे वरून हातात टाकायचे. टोपली हवी, हात नकोत. अस्पृश्यतेवर मी बरंच ऐकलं-वाचलं असेल, पण ते पाण्याचे थेंब त्या विणीवर पडताना दिसतात तेव्हा पोटात कालवतं. आपलं लिहिणं आईच्या विणण्याशी जोडलेलं आहे, असं ऊर्मिलाबाई स्वतःच म्हणतात, आणि ते खरंच वाटतं; वाक्य कुठे सैल सुटलेलं नाही.

आता तुझ्या हैदराबादचं. २०१६मध्ये 'सैराट' आला तेव्हा तू कॉलेजात होतीस, मैत्रिणींबरोबर थिएटरात नाचून आलीस आणि म्हणालीस की मध्यंतरानंतर सिनेमा सुस्त होतो. तेव्हा मी गप्प बसले. माझ्या मते खरा सिनेमा तिथेच सुरू होतो. पाटलाची पोरगी, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, प्रियकराबरोबर पळून हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या खोलीत येते. तिथलं पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही. मग तो डोशाच्या गाडीवर लागतो, ती पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात जाते, तोडकंमोडकं तेलुगू शिकते. प्रेम आहे, पण भांडणंही आहेत, संशय आहे. एकेक भांडं, एकेक चादर करत दोघं घर जमवतात. नागराज मंजुळेने हे सगळं सावकाश दाखवलं म्हणून तर शेवट तसा अंगावर येतो. नुसती गाणी गाणारं जोडपं मेलं असतं तर हळहळले असते. ह्या दोघांनी मात्र घर केलं होतं.

आता तूही त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहतेस, डबा लावलास, गॅस घेतलास. त्या दिवशी बोलता बोलता म्हणालीस, "माझ्या कामात सांगण्यासारखं काही नाही गं, दिवसभर दवाखान्यांची बिलं तपासायची." मला हे पटत नाही. कुणाची तरी शस्त्रक्रिया, किती दिवस खाटेवर, कुठली औषधं, शेवटचा आकडा, हे सगळं तुझ्या डोळ्यांखालून जातं. बिल बघून तुला कसं कळतं की इथे काही लबाडी आहे? आधी कुठे बघतेस? कधी एखादा दावा नामंजूर करताना बोट अडखळतं का? घरचं कुणीच तुला हे विचारत नाही, सगळे पगार विचारतात. नावं सांगू नकोस, नियम असतील. पण काम कसं करतेस ते सविस्तर लिही. मी चवीने वाचीन.

आईच्या गुडघ्याचं बरं आहे. बाकी ठीक.

तुझी,
मावशी

ता. क. 'आयदान'ची माझी प्रत कुरियरने पाठवते आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने छाती, कंबर, मुंढा असे आकडे आहेत, ते खोडू नकोस. त्या बाई अजून येतात आणि माप दरवेळी तेच आहे असं म्हणतात.