पाचापैकी एक

आमच्या बेळगावातील एका विधी महाविद्यालयाने गेली काही वर्षे आम्हांस अभिरूप न्यायालयाच्या परीक्षेसाठी परीक्षक म्हणून बोलावण्याचा परिपाठ ठेवला आहे. वर्षभर इतरांच्या न्यायासनापुढे मान लवविणाऱ्या वकिलाला एक दिवस स्वतः न्यायासनावर बसावयास मिळते. हा मोह आम्हांस आवरत नाही, हे प्रथमच कबूल करतो.

भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ च्या नियमांत या विषयाच्या १०० गुणांची वाटणी आखून दिली आहे : अभिरूप न्यायालयास ३०, प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणास ३०, पक्षकाराची मुलाखत व दाव्याची पूर्वतयारी यांस ३० आणि तोंडी परीक्षेस १०. अभिरूप न्यायालयाच्या प्रत्येक प्रसंगाला १० गुण. त्यांतले ५ लेखी निवेदनाचे, ५ युक्तिवादाचे. इतका स्वच्छ हिशेब हाती असताना परीक्षकाने चुकावे कसे? पण आम्ही चुकलो.

खानापूर तालुक्यातून, मराठी शाळेतून आलेली एक मुलगी उभी राहिली. तिचे लेखी निवेदन नेटके होते. परंतु इंग्रजीतील पहिले वाक्य ओठांवर अडखळले, दुसरे आमच्या प्रश्नाने तुटले आणि मग ती नुसती कागदाकडे पाहत राहिली. युक्तिवादास आम्ही पाचापैकी एक गुण दिला. तिच्यामागून आलेल्या मुलाचे भाषण धबधब्यासारखे कोसळले. त्यास चार दिले. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या नावापुढे 'वर्गकार्यात सहभाग नाही' असेही लिहिले. वास्तविक तिच्या वर्गात आम्ही एक दिवसही बसलो नव्हतो!

पुढच्याच महिन्यात मुलाखतीच्या कामासाठी ही दोघे आमच्या कचेरीत आली. माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणारी एक वृद्धा समोर बसली होती. वाटणी ३० वर्षांपूर्वी तोंडी झाली, असे तिच्या भावांनी नोटिशीच्या उत्तरात कळविले होते. विद्यार्थ्यांनी पाहावे व टिपून घ्यावे, एवढीच नियमाची अपेक्षा. आम्ही त्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली. मुलाने प्रश्नांचा भडिमार केला. वृद्धा 'होय, होय' म्हणत राहिली. मध्येच ती गुरांचे, भावजयीचे, पुराचे सांगू लागे. तो तिला मुद्द्यावर ओढून आणी. मुलगी वही मिटून सारे ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले,

"मावशी, भावांनी जमीन वाटून घेतली ती पुराच्या आधी की नंतर?"

"नंतर गं बाई. घर पडलं म्हणून तर वाटून घेतली."

पूर २०१९ चा! हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीने २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांस हात लावलेला नाही. दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात ठरविले. म्हणजे सारा दावा वाटणीच्या तारखेवर उभा होता. आणि दोन भेटी होऊनही तो पूर आम्हांस अवांतर वाटला होता.

निघताना ती हळूच म्हणाली, "सर, माझा युक्तिवाद फार वाईट झाला होता ना?"

"हो," आम्ही म्हणालो. खोटे बोलवले नाही. पण तो शेरा खोटा होता, हे सांगण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राचार्यांकडे गेलो. गुणपत्रक विद्यापीठाकडे रवाना झाले होते. "दप्तरात गेलेला कागद खोडता येत नाही, हे वकिलाला का सांगावयास हवे?" ते हसून म्हणाले. आम्हांस हसू आले नाही.

ऐकणे हाही सहभागच आहे, आणि आमच्या धंद्यात तर तो बोलण्याच्या आधीचा. कोर्टात आम्ही जे बोलतो ते आधी कोणाकडून तरी ऐकलेले असते. पण हजेरीपटात उपस्थिती मांडता येते, व्यासपीठावर आवाज मोजता येतो. ऐकण्याला मात्र रकाना नाही.

आता न्यायासनावर बसलो, की इंग्रजीत अडखळलेल्या विद्यार्थ्यास तोच प्रश्न आम्ही मराठीत, कोंकणीत अथवा कानडीत पुन्हा विचारतो. गुण इंग्रजी युक्तिवादाचेच द्यावे लागतात. शेऱ्याचा रकाना आम्ही रिकामा ठेवतो.