फुकट आणि मोफत : दोन शब्दांतलं अंतर



'फुकट ते पौष्टिक' असं आपण हसत हसत म्हणतो. पण हाच शब्द इतर ठिकाणी कसा वापरतो ते आठवून बघा. फुकटचा सल्ला कुणी ऐकत नाही. दिवस फुकट गेला म्हणजे वाया गेला. फुकट्या माणसाला कुणी मान देत नाही. म्हणजे फुकट मिळालं की आनंद, आणि फुकट मिळालेल्याला किंमत नाही, या दोन्ही गोष्टी आपण एकाच तोंडाने बोलतो.

याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवा, मोफत. मोफत शिक्षण, मोफत पाठ्यपुस्तकं, मोफत नेत्रतपासणी शिबिर. इथे 'फुकट' म्हटलं तर कानाला खटकतं. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ साधारण सारखाच दिलेला असतो, पण व्यवहारात फरक आहे. तो फरक मुलांना दाखवता आला तर ती मोठेपणी कमी फसतील आणि जे खरोखर त्यांच्या हक्काचं आहे त्याची कदर करतील, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी गणित

सहावीला शेकडेवारी शिकवताना मी मुलांना घरातली रिकामी पाकिटं आणि जाहिरातींचे कागद आणायला सांगते. बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, चहा, काहीही चालतं. अट एकच, त्यावर 'फ्री' किंवा 'मोफत' लिहिलेलं हवं. दोन दिवसांत टेबल भरतं. मग आकडेमोड सुरू.

एकावर एक फुकट म्हणजे सूट किती? बरीच मुलं जोरात सांगतात, शंभर टक्के! मग मांडून बघायचं. दोन वस्तू मिळाल्या, पैसे एकीचे दिले, म्हणजे ५० टक्के. दोनवर एक फुकट म्हणजे साधारण ३३ टक्के. तीनवर एक म्हणजे २५ टक्के. आता जरा अवघड : १०० ग्रॅमच्या किमतीत १२५ ग्रॅम, पाकिटावर लिहिलंय '२५ टक्के जास्त'. मुलं म्हणतात २५ टक्के सूट. पण १२५ ग्रॅममधले २५ ग्रॅम फुकट, म्हणजे पाचवा भाग, म्हणजे २० टक्के. इथे वर्गात नेहमी थोडी शांतता पसरते.

यातली सूट खोटी नसते, पण 'फुकट' हा शब्द तिला आहे त्यापेक्षा मोठी करून दाखवतो. आणि एक साबण हवा असताना आपण दोन आणतो.

शून्याची जादू

शून्य ही किंमत इतर किमतींसारखी नाही, हे एका प्रयोगातून छान कळतं. डॅन एरिअली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन प्रकारची चॉकलेटं विकायला ठेवली. एक भारी, किंमत १५ सेंट. दुसरं साधं, किंमत १ सेंट. एकाला एकच घेता येणार होतं. ७३ टक्के ग्राहकांनी भारी चॉकलेट घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने कमी केली. भारी १४ सेंटला, साधं फुकट. फरक तोच १४ सेंटांचा. तरीही या वेळी ६९ टक्के लोक साध्याकडे वळले. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

एका सेंटने माणसं का बदलली? कारण एक रुपया द्यायचा असला तरी आपण क्षणभर विचार करतो, हे मला हवंय का? किंमत शून्य झाली की तो प्रश्नच आपण विचारत नाही. पाकीट उघडावं लागत नाही, तसं डोकंही उघडावं लागत नाही.

व्यापाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विल्यम रिग्ली हा तरुण १८९१ मध्ये शिकागोला आला आणि साबण विकू लागला. सोबत बेकिंग पावडर फुकट द्यायचा. लोकांना साबणापेक्षा पावडरच आवडली, म्हणून तो पावडर विकू लागला आणि तिच्याबरोबर च्युइंगगम फुकट देऊ लागला. पुढे लोक गमच मागू लागले, तेव्हा त्याने गमचाच धंदा केला आणि त्यात जगभर नाव कमावलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण गोष्ट संपली की मी विचारते, त्याने फुकट देऊन काय मिळवलं? मागच्या वर्षी एका मुलीने उत्तर दिलं, "बाई, लोकांना काय आवडतं ते त्याला फुकटात कळलं." मला तर हे उत्तर पुस्तकात छापावं असं वाटलं!

कोथिंबीर आणि डेटा

आठवडी बाजारात भाजीवाली मावशी वजन झाल्यावर वर चार मिरच्या नाहीतर कढीपत्त्याची काडी टाकते. हेही फुकटच. पण इथे सौदा आधी झालेला असतो. मिरच्या आमिष म्हणून येत नाहीत, ओळख म्हणून येतात. पुढच्या बुधवारी आपण पुन्हा तिच्याकडेच जावं हा हिशेब त्यातही आहे, पण तो दोघांनाही माहीत असलेला, उघडा हिशेब आहे. आणि कोथिंबीर महागली की ती सरळ सांगते, "आज नाही हो परवडत." तेव्हा आपल्याला कळतं की त्या काड्यांनाही किंमत होतीच, इतके दिवस ती मावशी सोसत होती.

आता दुसरं उदाहरण बघा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली. कॉल आणि डेटा आधी ३१ डिसेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. त्याआधी आपण एक जीबीसाठी दोन-अडीचशे रुपये मोजायचो आणि तो महिनाभर पुरवायचो. फुकटच्या काळात सहा महिन्यांच्या आत १० कोटी ग्राहक जमले. स्पर्धेत टिकण्यासाठी इतरांनी दर पाडले. काही कंपन्या बंद पडल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकत्र आल्या. मग कंपन्या थोड्या उरल्यावर दर वाढले, डिसेंबर २०१९ ला आणि पुढे जुलै २०२४ लाही.

यात वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. स्वस्त डेटा नसता तर २०२० मध्ये शाळा बंद असताना आपण मुलांपर्यंत पोचलो असतो का? गावातल्या मुलीला घरबसल्या चांगला तास ऐकता येतो, हे त्याच स्वस्ताईचं देणं आहे. पण सवय बघा. जी वस्तू आपण जपून वापरायचो ती सकाळी उठल्यापासून सांडायला लागलो. आणि एक नवी समजूत रुजली : मोबाइलवरचं सगळं फुकटच असायला हवं. वर्तमानपत्र, गाणं, एखाद्या शिक्षकाने रात्र जागून केलेला व्हिडिओ, कशालाच पैसे द्यायची गरज नाही.

मग पैसे कोण देतं? २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअॅप १९ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. तेव्हा व्हॉट्सअॅपवर जाहिराती नव्हत्या, वर्गणी वर्षाला एक डॉलर, आणि तीही पुढे २०१६ मध्ये बंद केली. मग एवढी रक्कम कशासाठी? तिथे जमलेल्या कोट्यवधी माणसांसाठी. मुलांना हे थोडक्यात सांगायचं तर : जिथे आपण पैसे देत नाही, तिथे बहुतेक वेळा आपला वेळ, आपलं लक्ष आणि आपली माहिती देत असतो. व्हिडिओच्या मध्ये येणाऱ्या जाहिराती मोजायला सांगा. अर्ध्या तासात किती आल्या, किती सेकंदांच्या? गुणाकार मुलं स्वतः करतात.

फुकटची शाळा

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गवंडीकाम करतात. वर्षाच्या सुरुवातीला ते म्हणाले होते, "बाई, तुम्ही चांगलं शिकवता. पण फुकटच्या शाळेवर किती दिवस भरवसा ठेवायचा?" मी काही बोलले नाही, हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. दिवाळीनंतर ते एक फाइल घेऊन आले. घरी एक विक्री प्रतिनिधी आला होता. महिनाभर ऑनलाइन तास फुकट, वर टॅब फुकट, असं सांगून गेला. त्यांनी सह्या केल्या. आता दर महिन्याला खात्यातून पैसे कापले जात होते. "फुकट म्हणाला होता ना, मग हे कसले पैसे?"

मी कागद वाचले. रंगीत पत्रकावर 'फ्री' हा शब्द चार ठिकाणी होता. इंग्रजीतल्या करारात एकदाही नव्हता. करार होता कर्जाचा, त्यांच्या नावावर, पूर्ण अभ्यासक्रमाच्या फीसाठी. दिवसाची मजुरी आणि हप्ता त्यांनी मनातल्या मनात ताडून पाहिला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, कंपनीला लेखी अर्ज दिला. दोन-तीन महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर हप्ते थांबले. आधी कापलेले तीन हप्ते मात्र परत आले नाहीत.

पालकहो, एक नियम लक्षात ठेवा. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार, प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू पोचवण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही द्यावं लागत असेल, तर त्या वस्तूला फुकट म्हणता येत नाही. म्हणून सही करण्याआधी 'फुकट' हा शब्द करारात कुठे आहे ते दाखवा, एवढंच म्हणा. समजत नसेल तर कागद घेऊन शाळेत या. आम्ही वाचून देऊ.

मला लागलं ते वेगळंच. ज्या माणसाने फुकट आहे म्हणून शाळेवर शंका घेतली, त्याच माणसाने फुकट आहे म्हणून टॅबवर विश्वास ठेवला. शाळेचं मोफत त्याला हलकं वाटलं आणि बाजाराचं फुकट त्याला भाग्य वाटलं. हे त्या एकट्याचं नाही. आपण सगळे असंच वागतो.

खरं तर शाळा फुकट नाहीच. तिचे पैसे आधीच भरलेले आहेत. तो गवंडी जो साबण विकत घेतो, जो मोबाइल रिचार्ज करतो, त्या प्रत्येकात कर आहे. त्या आणि तुमच्या-माझ्या करातूनच वर्ग उभा राहतो, पुस्तकं येतात, माझा पगार होतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी हे शिक्षण हक्क ठरलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जे पालक मुलाला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड! बाजारात फुकटची वस्तू न घेणाऱ्याला कुणी दंड करत नाही. महाराजांनी केला, कारण त्यांच्या लेखी ती मोफत होती तरी तिची किंमत फार मोठी होती.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. त्या आठवड्यात हा उपक्रम सहज घेता येतो. फळ्यावर वेगवेगळ्या 'फुकट' गोष्टींची यादी करायची आणि प्रत्येकीला चार प्रश्न विचारायचे :

१. याचे पैसे कोण देतं?
२. ते कधी दिले जातात, आधी की नंतर?
३. देणाऱ्याला बदल्यात काय हवं आहे, आणि त्याने ते उघड सांगितलं आहे का?
४. हे फुकट नसतं, तर मी ते घेतलं असतं का?

या वर्षी आमच्या यादीत वेफरच्या पाकिटातलं खेळणं होतं, मोबाइलवरचा गेम होता, लग्नातलं जेवण होतं, भाजीवालीच्या मिरच्या होत्या. मग एका मुलाने हात वर केला, "बाई, आपली खिचडी फुकट की मोफत?" वर्गात दोन तट पडले. चारही प्रश्न लावून झाले. पैसे सगळ्यांच्या करातून येतात. आधीच दिलेले असतात. बदल्यात काय हवं, तर मुलं रोज यावीत, पोटभर जेवून शिकावीत, हे उघड आहे. चौथ्या प्रश्नावर मात्र मुलं थांबली. शेवटी तोच मुलगा म्हणाला, "मग सांडायला नको. ती कुणीतरी भरलेली आहे."

त्या दिवशी ताटं नेहमीपेक्षा जास्त स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी कदाचित नसतीलही, मुलं आहेत ती. पण 'कुणीतरी भरलेली आहे' हे वाक्य आम्ही कार्डशीटवर लिहून ग्रंथपेटीवर चिकटवलं आहे. आता पुस्तकाचं पान दुमडलं की मुलंच एकमेकांना ते दाखवतात.

तुमच्या वर्गातही यादी करून बघा. मुलं यादीत काय काय घालतात, त्यावरून तुम्हाला तुमच्या गावातला बाजार कळेल.