डबा घेऊन येणारे मामा

सातारा ते सांगली हवाई अंतर साधारण ११० किलोमीटर. भाच्यानं मोबाइलवर काढून दाखवलं आणि वर म्हणाला, "आत्या, विमानानं आठ मिनिटं!" ताशी आठशेनं भागलं की आठ येतात खरी. पण तो वेग धरण्याइतकं वर चढायलाच विमानाला वीसेक मिनिटं लागतात, तोवर सांगली मागं पडायची. शिवाय बसायचं कुठून? कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पासाठी १९५०च्या दशकात झाली, सांगलीजवळ कवलापूरलाही एक आहे. प्रवासी विमान दोन्हीकडे नाही. हवंच असेल तर पेठनाक्याचा सांगली फाटा सोडून कोल्हापूरच्या उजळाईवाडीला जा आणि उलट या! रस्त्यानं कराड, पेठ, इस्लामपूर, आष्टा करत अंतर सव्वाशेच्या आतबाहेर. पाखराचे वाचून वाचणार ते दहा-पंधरा किलोमीटर.

हे अंतर मला पाठ आहे ते डब्यामुळे. १९८०च्या आसपास मी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकत होते. मेसचं जेवण सोसेना. आईनं सातारा स्टँडवर सांगलीच्या गाडीचे कंडक्टर गाठले आणि ओळखदेख नसताना डबा हातात ठेवला. "द्या वहिनी, पोरीला पोचवतो," एवढंच ते बोलले.

चार पुड्यांचा पितळी डबा, धुवट पंचात गच्च बांधलेला, गाठीत माझ्या नावाची चिठ्ठी. हे कंडक्टरमामा तो ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचे. गाडी आयर्विन पुलावरून गावात शिरून स्टँडला लागेपर्यंत वाघ्या घेवड्याची उसळ कोमट राहायची. उन्हाळ्यात मात्र तोच डबा खिडकीखाली सावलीला. आमटी विटेल म्हणून आईला पातळ काही पाठवू नका, असा निरोपही त्यांचाच. परतीच्या गाडीनं रिकामा डबा जायचा, त्यात मी भडंग भरून द्यायचे. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आईनं एकदा बळेच नोट पुढं केली, तर म्हणाले, "तिकीट माणसाचं असतं." नियमात ते बसत होतं का, कोण जाणे. मी तरी विचारलं नाही.

खरं ऋण वेगळंच आहे. वडिलांच्या छातीत दुखू लागलं त्या दिवशी ट्रंक कॉल लागेना. आईनं चिठ्ठी मामांकडे दिली. एरवी डबा स्टँडवर मी आणायला जायचे. त्या दिवशी ड्यूटी संपवून ते स्वतः सायकल मागून विश्रामबागेत वसतिगृहाच्या फाटकाशी आले. चिठ्ठी आधी दिली नाही. "आबा बोलतायत, शुद्धीवर आहेत," हे आधी सांगितलं, मग कागद हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत त्यांनी स्वतःची जागा मला दिली आणि साताऱ्यापर्यंत उभं राहून तिकिटं फाडली.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मामा निवृत्त होऊन आष्ट्याजवळ आपल्या गावी राहतात. कानानं कमी ऐकतात, मला मात्र अजून "डबेवाली पोर" म्हणतात. दिवाळीआधी कंदी पेढे घेऊन मी त्यांच्याकडे जाते. यंदा भाच्यालाही नेणार आहे, एसटीनंच.